शिकलीपासून जवारीपर्यंत

तलवारीला धार आणि झळाळी देणारा तो शिकलगार. मिरजेत अशी घरं पिढ्यान्‌पिढ्या नांदत होती. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, फौजा पांगल्या, आणि शिकल करायला येणारी हत्यारं कमी होत गेली. त्याच गावात पटवर्धन संस्थानिकांकडे गवयांची ये-जा होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेब आणि मोहिनुद्दीन या शिकलगारांनी गवयांची मोडकी वाद्यं दुरुस्तीला घेतली, असं मिरजेत सांगतात. दुरुस्ती करता करता ते नवी वाद्यं घडवू लागले. पुढे आडनावच ‘सतारमेकर’ झालं.

पण तलवारीचं पातं पाटावर दाबून धरता येतं. तंबोरा कसा धरायचा?

वाकड्यातिकड्या वस्तूवर बारीक काम करणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न पडतो. बंदुकीच्या दस्त्यावर पकडीसाठी जाळीदार रेघा कोरणारे पाश्चात्त्य कारागीर दस्ता दोन टोकांच्या मध्ये लाकडी चौकटीत अडकवतात, म्हणजे तो हवा तसा फिरवता येतो. मिरजेचा कारागीर जमिनीवर बसतो. त्याची चौकट म्हणजे मांडी, गुडघे आणि तळपाय.

तंबोऱ्याच्या भोपळ्याला मात्र आतून आधार द्यावा लागतो. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे हे भोपळे कडू, जाड सालीचे. वाळून टणक झालेला भोपळा पाण्यात भिजवायचा, तोंड कापायचं, गर काढायचा आणि आत काड्यांचे टेकू देऊन पुन्हा वाळवायचा. टेकू चुकला तर तोंड आक्रसतं, वर तबकडी नीट बसत नाही. कोरीव वेलबुट्टीपेक्षा हे न दिसणारं काम मोठं आहे.

शिकलगाराचा हात खरा ओळखू येतो तो जवारीत. तारा ज्यावरून जातात त्या घोडीचा माथा कानशीने किंचित उतरता घासायचा, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा घासायचं. तार त्या उतारावर हलकेच स्पर्श करत थरथरली की स्वर फुलतो. एकदा जास्त घासलं की तो बसतो. तारेखाली सुताचा दोरा सरकवून शेवटचा नेमकेपणा गवई स्वतः साधतो. मिरजेत स्थायिक झालेले गायक अब्दुल करीम खाँसाहेब तर वाद्यदुरुस्तीतही वाकबगार होते. १९३७ मध्ये ते गेले. मिरजेतच दर्ग्याच्या आवारात त्यांना दफन केलं आहे.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. सतारमेकर गल्लीत नव्या वाद्यांसोबत जुनीही येतात: भोपळा तडकलेला, घोडीवर तारांनी चरे पाडलेले, पॉलिश काळवंडलेलं. कारागीर तारा उतरवतो, तंबोरा मांडीवर आडवा घेतो आणि आधी घोडीवरून बोट फिरवून पाहतो.