मिस फरार

आपल्याकडील मुलींच्या शाळांची गोष्ट निघाली की आपण पुण्यापासून सुरुवात करतो. मला मात्र त्याआधीच्या एका परक्या बाईंची आठवण होते.

ठाणे स्टेशनाच्या पूर्वेला आमची कोपरी. मुंबईहून ठाण्यास पहिली आगगाडी आली ती १८५३ साली. त्याच्याही सव्वीस वर्षे आधी, १८२७ च्या डिसेंबरात, सिंथिया फरार नावाच्या बत्तीस वर्षांच्या अमेरिकन बाई मुंबईस उतरल्या. सुएझचा कालवा तेव्हा नव्हता. आफ्रिकेला वळसा घालून यावे लागे. अविवाहित बाईने मिशनच्या कामासाठी परदेशी जावे, हे त्यांच्या न्यू हॅम्पशायरातही नवलच होते.

अमेरिकन मिशनने मुंबईत मुलींची शाळा १८२४ सालीच काढली होती. मिस फरार आल्या त्या अशा शाळांची देखरेख करण्यासाठी. काम मोठे जिकिरीचे. मुलगी शिकली तर तिला वैधव्य येते, असा समज घरोघर होता. चार अक्षरे गिरवते न गिरवते तोच पोरीचे लग्न होई आणि पाटी सुटे. शिवाय मडमा मुलींना बाटवतील ही धास्ती. ती अगदीच निराधार होती असेही नाही. धर्मप्रसार हा मिशनचा उघड हेतू होता.

मधली दोन वर्षे मायदेशी काढून १८३९ साली त्या परतल्या, त्या अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला. तेथली त्यांची शाळा जोतीराव फुल्यांनी मित्राबरोबर पाहिली. मुलींना शिकवण्याची तेथली पद्धत त्यांना आवडली, आणि १८४८ साली पुण्यात त्यांनी स्वतःची शाळा काढली. सावित्रीबाईंनीही मिस फरार यांच्याकडे अध्यापनाचे धडे घेतले, असे चरित्रकार सांगतात.

जोतीराव ख्रिस्ती झाले नाहीत. त्यांनी शाळा तेवढी उचलली. बाईंनी पेरले एका आशेने, उगवले निराळेच. पण उगवले खरे! १८६२ साली मिस फरार नगरलाच वारल्या.

हे ऋण मान्य केल्याने सावित्रीबाईंचे थोरपण तसूभरही उणे होत नाही. धडा कोणाकडूनही घेता येतो. रस्त्यावरचे शेणगोळे मात्र ज्याचे त्यालाच झेलावे लागतात.