मुद्रक-प्रदानाचे फाइलीकडे वळण, कमोडोर ६४ वरील

मुद्रकाकडे पाठविण्यासाठी संगणकाने तयार केलेला मजकूर कागदावर न उमटविता तबकडीवरील फाइलीत साठविण्याची पद्धती. घरगुती संगणकांत तिचे ठळक उदाहरण कमोडोर ६४ या अमेरिकन यंत्रात आढळते. हे यंत्र १९८२ मध्ये ५९५ डॉलर किंमतीस विक्रीस आले. त्याचे उत्पादन १९९४ मध्ये थांबले.

पूर्वपीठिका : उपकरणे व फाइली यांना एकाच रीतीने वागविण्याची कल्पना मोठ्या संगणकांवर आधीच रुजली होती. युनिक्स प्रणालीत (१९७१) केवळ एका चिन्हाने प्रदान फाइलीकडे वळविता येई. कमोडोर कंपनीच्या पेट (१९७७) या संगणकात उपकरणांना क्रमांक होते. हीच योजना कमोडोर ६४ मध्ये आली : कळफलक ०, फीतयंत्र १, पडदा ३, मुद्रक ४ किंवा ५ व तबकडी-चालक ८.

कार्यपद्धती : बेसिक भाषेतील ‘ओपन’ आज्ञेने मार्ग उघडीत व ‘सीएमडी’ आज्ञेने पडद्याकडे जाणारे प्रदान त्या मार्गावर वळवीत. कार्यक्रमाची छापील प्रत काढताना क्रमांक ४ देऊन ‘लिस्ट’ ही आज्ञा देत. त्याऐवजी क्रमांक ८ व फाइलीचे नाव दिल्यास तीच प्रत तबकडीवर उतरे. स्मृतीत बेसिकमधील आज्ञा संक्षिप्त संकेतांच्या रूपात असतात (उदा., ‘प्रिंट’ साठी १५३), ‘लिस्ट’ त्यांचा पुन्हा शब्दांत विस्तार करी. त्यामुळे ही फाइल साध्या मजकुराप्रमाणे वाचता येई. लेखनानंतर मार्ग बंद न केल्यास सूचीत फाइलीच्या प्रकारापुढे तारका दिसे व ती नेहमीच्या रीतीने उघडत नसे.

मर्यादा : यंत्रभाषेतील अनेक कार्यक्रमांत मुद्रकाचा क्रमांक कायम केलेला असे. अक्षर-प्रदानाच्या उपक्रमाचा पत्ता ८०६ व ८०७ या स्मृतिस्थानांत असल्याने, तो पत्ता बदलून त्या मार्गाने जाणारा मजकूर मध्येच अडविणे शक्य होते. मात्र मुद्रकाचे नियंत्रण-संकेतही फाइलीत येत. शिवाय कमोडोरची संकेतावली आस्कीहून भिन्न होती. तिच्या लहान-मोठ्या अक्षरांच्या संचात लहान रोमन अक्षरांना ६५ ते ९० हे संकेत असत, तर आस्कीत ते मोठ्या अक्षरांचे आहेत. म्हणून अन्य संगणकावर रूपांतर करावे लागे.

महत्त्व : शब्दसंस्करणाचे कार्यक्रम पुष्कळदा स्वतःच्याच रचनेत मजकूर साठवीत, तो कार्यक्रम नाहीसा झाल्यावर फाइल सुरक्षित असूनही लेखन दुर्बोध होते. मुद्रकाकडे निघालेला मजकूर मात्र बहुधा साधा असतो. व्हाइस या अनुकारी कार्यक्रमात मुद्रकाचे प्रदान फाइलीत घेण्याची सोय असल्याने, मूळ यंत्र व मुद्रक नसतानाही जुनी पत्रे, हस्तलिखिते व कार्यक्रम पुन्हा वाचनीय करता येतात.