शिशुत्वचा-प्रसाधने

तान्ह्या बालकाच्या अंगास लावावयाची तेले, पावडरी, मलमे, साबण व काजळ यांचा अंतर्भाव या सदरात होतो. नवजात बालकाची त्वचा पातळ, वजनाच्या मानाने तिचे क्षेत्रफळ प्रौढापेक्षा कितीतरी अधिक, आणि रक्तात शिरलेल्या द्रव्याचा निचरा करणारी यकृत व मूत्रपिंडे अद्याप अपक्व. म्हणून मोठ्यांस निरुपद्रवी असणारा घटक अर्भकास घातक ठरू शकतो. फ्रान्समध्ये १९७२ साली हेक्साक्लोरोफिन हे जंतुनाशक चुकीने अतिप्रमाणात मिसळलेल्या टाल्कम पावडरीमुळे ३६ बालके दगावली.

खापरखेड्यासारख्या कडक उन्हाच्या गावी हा प्रश्न उन्हाळ्यात विशेष निकडीचा होतो. नागपूर जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास चढला, की लेकराच्या मानेच्या वळ्यांत घामोळ्या उठतात आणि आजीचा हात आपसूक पावडरच्या डब्याकडे जातो. पफ थेट अंगावर थोपटताच भुकटीचा लोट बाळाच्या नाकातोंडाशी येतो. ती फुप्फुसात गेल्यास धाप लागून प्राणसंकटही ओढवते, मग ती टाल्कची असो वा मक्याच्या पिठाची. घामोळ्यांस ओल्या फडक्याने पुसणे, सुती झबले व खेळती हवा एवढा उतारा बहुधा पुरतो.

पावडरींवर सरकारी देखरेखही असते. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२२ साली जॉन्सन अँड जॉन्सनच्या मुलुंड कारखान्याचा परवाना, बेबी पावडरच्या नमुन्यांचा सामू विहित मर्यादेबाहेर आढळल्याच्या कारणावरून, रद्द केला. परंतु फेरतपासणीत नवे नमुने निर्दोष निघाले आणि मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये तो हुकूम रद्दबातल ठरविला. मूळ नमुने २०१८ सालचे होते. तान्हेपणाचे महिने इतकी वाट पाहत नाहीत, हे ध्यानी घेता सरकारी तपासणीइतकीच घरची दक्षताही अगत्याची होय.

घरगुती पदार्थ म्हणजे निर्धोक, ही समजूत सोडावी. सुरम्यात व काही काजळांत शिसे असते. कापूर पोटात गेल्यास आचके येतात. वेखंडाची पूड टाळूवर लावताना श्वासात जाते. याउलट गंधरहित पेट्रोलियम जेली, झिंक ऑक्साइडचे मलम व शुद्ध खोबरेल तेल सामान्यतः सुरक्षित मानतात. लंगोटाखालच्या लाल चट्ट्यांवर औषधाच्या दुकानातून परभारे आणलेले स्टेरॉइडयुक्त मलम मात्र डॉक्टरांच्या लेखी सल्ल्यावाचून कदापि लावू नये, कारण झाकलेल्या व सोलवटलेल्या त्वचेतून त्याचे शोषण फार वाढते.