चिनी जेड-शिल्प : पारख

चिनी भाषेत ‘यू’ या नावाने ओळखला जाणारा दगड व त्याच्या घडीव वस्तू. त्यांना ‘कोरीव’ म्हणतात ते सवयीने; जेड छिन्नीला दाद देत नाही. फिरती चकती, पाणी आणि कठीण वाळू यांनी तो झिजवावा लागतो. त्यामुळे पारख करताना नक्षीपेक्षा झिजेच्या खुणा अधिक भरवशाच्या ठरतात.

दगड : जेड म्हणजे दोन वेगळी खनिजे, हे फ्रेंच खनिजशास्त्रज्ञ आलेक्सी दामूर यांनी 1863 मध्ये दाखवले. नेफ्राइटचे काठिण्य 6 ते 6.5, विशिष्ट गुरुत्व सुमारे 2.95, जेडाइटचे 6.5 ते 7 आणि सुमारे 3.3. वस्तू आधी हवेत, मग पाण्यात तोलली की ओरखडा न काढता फरक कळतो. ब्रह्मदेशाचे जेडाइट चीनमध्ये मोठ्या प्रमाणावर आले ते अठराव्या शतकात. हिरवेगार जेडाइट ‘प्राचीन हान काळातले’ म्हणून पुढे आले, तर संशयाला तेवढे कारण पुरते. नरम सर्पेंटाइन जेड म्हणून खपवले जाते. मात्र प्राचीन कारागिरांनीही ते वापरले असल्याने तेवढ्यावरून वस्तू नवी ठरत नाही.

हत्यारांच्या खुणा : लिआंगजू संस्कृतीच्या (इ. स. पू. सुमारे 3300–2300) ‘त्सोंग’ या चौकोनी नळकांड्यांना दोन्ही टोकांकडून भोक पाडलेले असते, मध्यभागी दोन भोके जुळताना बारीक कंगोरा राहतो. सिलिकॉन कार्बाइड हे कृत्रिम अपघर्षक 1890 च्या दशकातले; त्याच्या खुणा दिसल्या तर ते काम त्याआधीचे नव्हे. खोबणीचा सिलिकॉन-रबरी ठसा घेऊन तो इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची पद्धत ब्रिटिश म्युझियमच्या संशोधकांनी वापरली. मूळ वस्तूला त्यात धक्का लागत नाही.

जुनेपणाचा आव : पुरलेल्या जेडवर पांढुरका थर चढतो. तो भाजून, तपकिरी डाग रंगवून आणता येतो. सोंग काळापासून प्राचीन घाटाच्या वस्तू आवडीने घडवल्या गेल्या. अशी प्रत्येक वस्तू फसवणुकीसाठीच होती असे नाही. सूचौचा मिंगकालीन कारागीर लू त्सिगांग याची सही मात्र पुढे सर्रास उठवली गेली.

लेख : च्येनलुंग बादशहाने (कारकीर्द 1735–96) आपल्या कविता जुन्या जेडवर कोरवून घेतल्या. त्यामुळे लेखाचा काळ हा वस्तूचा काळ असेलच असे नाही.

कालनिर्णय : दगडाला रेडिओकार्बन कसोटी लागू पडत नाही. त्यामुळे होंगशान या नवाश्मयुगीन चिनी संस्कृतीच्या म्हणवल्या जाणाऱ्या, पण उत्खननाची नोंद नसलेल्या वस्तूंच्या अस्सलपणाबाबत मतभेद आहेत.

भारतीय संबंध : च्येनलुंगला मोगल जेडचे वेड होते; पातळ भिंतीची, पानाफुलांची भांडी चिनी कारागीरही घडवू लागले. अशा वाडग्याचे मूळ ठरवताना शाहजहानच्या 1657 च्या पांढऱ्या नेफ्राइट प्याल्याशी तुलना उपयोगी पडते. तो लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे.