हिफ्ज

समग्र कुराण मूळ अरबी इबारतीत, उच्चारशुद्धीचे नियम पाळून, मुखोद्गत करण्याच्या आणि मुखोद्गत केलेले आमरण राखण्याच्या विद्येस हिफ्ज म्हणतात. ती ज्याने साध्य केली तो हाफिज, स्त्री असल्यास हाफिजा. पाठ करावयाच्या ग्रंथात 114 सूरा, म्हणजे अध्याय, असून कूफी गणनेप्रमाणे आयतांची, म्हणजे वचनांची, संख्या 6,236 भरते. अध्ययनाच्या सोयीसाठी त्याचे जवळजवळ सारख्या लांबीचे 30 पारे, आणि साप्ताहिक पठनासाठी 7 मंजिला पाडलेल्या आहेत.

परंपरेनुसार प्रेषित मुहम्मद दर रमजान महिन्यात तोवर अवतीर्ण झालेल्या वचनांची देवदूत जिब्रीलसह उजळणी करीत, व त्यांच्या हयातीच्या अखेरच्या वर्षी ती दोनदा झाली. दोघांनी आळीपाळीने एकमेकांस ऐकविण्याच्या या प्रकाराला आजही ‘दौर’ म्हणतात. इ. स. 633 च्या सुमारास यमामाच्या लढाईत अनेक पाठक कामी आले, तेव्हा प्रेषितांचे सहकारी उमर यांच्या आग्रहावरून पहिले खलीफा अबू बक्र यांनी झैद इब्न साबित यांच्याकडून लिखित संकलन करविले. तथापि त्या काळच्या अरबी लिपीत नुक्ते विरळ आणि ऱ्हस्व स्वरांची चिन्हे अजिबात नसल्यामुळे, ज्याला मजकूर आधीच येत असे त्याला आठवण देण्यापुरताच त्या लेखनाचा मुख्य उपयोग होता, आणि पाठ उस्तादाच्या मुखातून घ्यावयाचा हा शिरस्ता अबाधित राहिला.

भारतीय उपखंडातील मदरशांत, आणि म्हणून मालेगाव, अक्कलकुवा किंवा कोकणपट्टीतील मदरशांतही, या शिक्षणाचा क्रम ठरलेला आहे. मूल प्रथम नूरानी कायद्यासारख्या बालपोथीवरून अक्षरे व त्यांची जोडणी शिकते, मग पाहून वाचण्याचा, म्हणजे नाजऱ्याचा, टप्पा पुरा करते, आणि त्यानंतरच हिफ्जाच्या वर्गात बसते. आरंभ बहुधा अखेरच्या, म्हणजे अम्म पाऱ्यापासून होतो, कारण त्यातील आखूड सूरा नमाजात रोज उपयोगी पडतात. वर्गातील दिवसाची कामे तीन : नवा पाठ तो सबक, चालू पाऱ्याचा आजवर झालेला भाग तो सबक-पारा, आणि त्यामागचे सारे जुने ते आमोख्ता, ज्याचा एखादा पारा तरी रोज ऐकवावा लागतो.

सबक तयार करण्याची रीत साधी पण कष्टाची आहे. विद्यार्थी रिहलीवर ग्रंथ ठेवून, अंग पुढेमागे डोलवीत, एक ओळ पाहून पुनःपुन्हा मोठ्याने वाचतो, नजर काढून म्हणतो, अडल्यास पुन्हा पाहतो. दुसरी ओळ बसल्यावर ती एकटी न म्हणता पहिलीचे शेवटचे शब्द धरून म्हणतो, कारण पाठ तुटतो तो बहुधा ओळीच्या पोटात न तुटता दोन आयतांच्या सांध्यावर तुटतो. प्रत मात्र बदलावयाची नाही, असा दंडक असतो. हाफिजी छापाच्या प्रतीत पृष्ठावरील ओळी ठराविक असतात. मदिनेच्या सुप्रसिद्ध प्रतीची पृष्ठे 604, प्रत्येकावर सामान्यतः ओळी 15, आणि पृष्ठ संपते तेथे आयतही संपते. त्यामुळे शब्दाबरोबर त्याची जागाही स्मरणात राहते, आणि अमुक आयत डाव्या पानावर तळाशी आहे हे डोळे मिटूनही दिसते.

उस्तादासमोर बसून सबक ऐकविताना चूक दोन प्रकारची धरली जाते. शब्द किंवा स्वर बदलला तर ती गलती. थांबून, मागे जाऊन, स्वतःच सावरून घेतले तर ती अटकन. कित्येक उस्ताद चुकलेल्या जागी विद्यार्थ्याच्या प्रतीत शिसपेन्सिलीची खूण करतात, आणि त्याच जागी पुन्हापुन्हा खूण पडली की सबक कच्चा ठरून पुढचा पाठ मिळत नाही. असे करीत पूर्णतेला सामान्यतः दोन ते चार वर्षे लागतात. नवशिक्याला सबक हेच मुख्य काम वाटते; वस्तुतः या पद्धतीचा सारा भार आमोख्त्यावर आहे. विस्मरण हा विद्यार्थ्याचा दोष न मानता, ते होणारच असे धरून चाललेली ही योजना आहे, आणि हदीसमध्येही दावणीच्या उंटापेक्षा कुराण अधिक चटकन निसटते असे बजावलेले आहे. मिसरचे अंध साहित्यिक ताहा हुसेन (1889–1973) यांनी आपल्या ‘अल्-अय्याम’ या आत्मचरित्रात, बालवयातच पाठ पुरा करून ‘शेख’ म्हणवून घेऊ लागलेला मुलगा वडिलांनी एक सूरा म्हणावयास सांगताच आरंभाच्या अक्षरांपुढे कसा जाऊ शकला नाही, याचे जे वर्णन केले आहे, ते आमोख्ता सुटल्याचा दाखला म्हणून वाचावे.

अवघड स्थळे म्हणजे मुतशाबिहात, अर्थात एकमेकांशी जवळजवळ तंतोतंत जुळणाऱ्या आयती. दारिद्र्यापायी संतती मारू नका, अशी आज्ञा सहाव्या आणि सतराव्या अशा दोन्ही सूरांत येते; एकीत पोषणाचे आश्वासन आधी पालकांना व मग मुलांना दिले आहे, दुसरीत हा क्रम उलटा आहे. सहावीत दारिद्र्य आधीच आलेले आहे, सतरावीत ते येण्याचे भय आहे, हा अर्थभेद ज्याला कळतो त्याला क्रम आपोआप आठवतो. पण अरबी न जाणणारे मूल एका सूरेतून निघून नकळत दुसरीत शिरते. उपखंडातील शिक्षणात अर्थाला मिळणारे गौण स्थान येथे महाग पडते, असे म्हटल्यावाचून राहवत नाही.

तुर्कस्तानातील परंपरागत पद्धत निराळी. तेथे विद्यार्थी प्रत्येक पाऱ्याचे विसावे, म्हणजे शेवटचे, पृष्ठ आधी पाठ करतो. तीसही पाऱ्यांचे ते झाले की दुसऱ्या फेरीत एकोणिसावे पृष्ठ घेऊन त्यास विसावे जोडतो, आणि असे मागे सरकत जातो, ज्यायोगे जुने आपोआप घोटले जाते. मॉरिटानियाच्या महदरांत, म्हणजे तेथील पारंपरिक पाठशाळांत, काजळी व डिंकाच्या शाईने लाकडी पाटीवर पाठ लिहून घेतात आणि पक्का झाला की धुऊन टाकतात. सुदानच्या खलव्यांत, म्हणजे तेथील कुराणशाळांत, रात्री शेकोटीभोवती पठन चालते.

वैदिकांनी पद, क्रम, जटा, घन अशा पाठांनी शब्द सुटे करून व त्यांची उलटसुलट गुंफण करून संहिता राखली. हिफ्जात शब्दक्रमाला हात लावण्याची मुभा नाही. रक्षण सोपविले आहे ते ऐकणाऱ्या कानावर. याची जाहीर परीक्षा रमजानमधील तरावीहच्या, म्हणजे रात्रीच्या विशेष, नमाजात होते. पुढे उभा राहिलेला हाफिज रोज सुमारे एक-सव्वा पारा म्हणत बहुधा सत्ताविसाव्या रात्री पाठ संपवितो, त्याच्या मागील रांगेत सामे म्हणून दुसरा हाफिज असतो, आणि इमाम अडला वा चुकला की तो योग्य शब्द उच्चारून ‘लुकमा’ देतो. ज्याची दस्तारबंदी, म्हणजे हिफ्ज पुरे झाल्यावर पगडी बांधण्याचा समारंभ, होऊन वर्षे लोटली असा हाफिजही रमजानच्या आधी दोन महिने दौरासाठी जोडीदार शोधू लागतो, तो याच धास्तीने.

महमूद खलील अल्-हुसरी (1917–1980) यांच्या आवाजात 1961 साली समग्र कुराणाचे संथ लयीतील ध्वनिमुद्रण तयार झाले, तेव्हापासून गावात उस्ताद नसलेल्यांनाही नमुनेदार उच्चार ऐकण्याची सोय झाली. पण मुद्रित आवाज म्हणून दाखवितो, ऐकून घेत नाही. म्हणून परदेशी गेलेले कित्येक हाफिज आपल्या जुन्या उस्तादाला टेलिफोनवरून आमोख्ता ऐकवितात.