डाकोटाचे दुसरे उड्डाण

दिवाळीच्या सुटीत मुले अंगणात मातीचा किल्ला करतात. आपण त्याला खेळ म्हणतो. पण गडाचा दरवाजा नेमका कोणत्या बाजूस, यावरून त्यांच्यात जी हमरीतुमरी होते, ती इतिहाससंशोधकांच्या वादाहून फारशी निराळी नसते. निवृत्त झालेली जुनी विमाने संगणकाच्या पडद्यावर पुन्हा उडविणाऱ्या हौशी मंडळींचा उद्योगही याच जातीचा आहे.

त्यांचे एक लाडके विमान म्हणजे डग्लस कंपनीचे डीसी-३. १७ डिसेंबर १९३५ रोजी कॅलिफोर्नियातील सांता मोनिका येथून ते प्रथम उडाले. महायुद्धात त्याच्या लष्करी भावंडाला इंग्रजांनी ‘डाकोटा’ म्हटले आणि आपल्याकडे तेच नाव रुळले. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी शीख पलटणीचे जवान श्रीनगरला उतरले, ते डाकोटातून. १९४९ च्या जानेवारीत रात्रीची टपालसेवा सुरू झाली, तिच्यातही डाकोटा होतेच. मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री नागपुरास भेटत, थैल्यांची अदलाबदल करीत आणि पहाटे आपापल्या ठिकाणी परतत.

असे विमान पडद्यावर आणताना बाह्यरूप त्यामानाने सोपे असते. पंखांचा ९५ फुटांचा विस्तार आराखड्यावरून घेता येतो. अवघड असतो तो स्वभाव! डाकोटाचे तिसरे चाक शेपटीखाली. त्यामुळे जमिनीवर असताना नाक वर राहते, वैमानिकास समोरची वाट दिसत नाही आणि विमान नागमोडी चालवावे लागते. धावपट्टीवर शेपूट बाजूस सरकू पाहते, ती पायांनी सुकाणू दाबून आवरावी लागते. रात्रभर उभ्या असलेल्या इंजिनाच्या खालच्या नळकांड्यांत तेल उतरते, म्हणून ते सुरू करण्यापूर्वी पंखा हाताने फिरवून घेतात.

वजन, वेग व वाऱ्याचा विरोध यांचा हिशेब संगणक क्षणोक्षणी मांडतो. पण तो बरोबर उतरला, हे सांगणार कोण? ज्याच्या हातापायांना ते विमान ठाऊक आहे, तोच! अशी माणसे आता थोडी उरली आहेत.

२०१८ साली ‘परशुराम’ नावाचा, इंग्लंडात दुरुस्त केलेला एक डाकोटा आपल्या वायुसेनेत दाखल झाला. पण त्याच्या चालकाच्या जागी प्रत्येक मुलाला कसे बसविणार? २०२२ साली मायक्रोसॉफ्टने आपल्या उड्डाण-खेळाच्या चाळिशीनिमित्त डीसी-३ त्यात घातले आणि ती जागा घरोघरच्या मुलांना मोकळी झाली. शाळकरी मुलगाही आता मुंबईहून रात्री निघून नागपुरास उतरू शकतो.

मात्र पडद्यावरच्या विमानात थैल्यांचे वजन भरता येते, त्यांतल्या पत्राची वाट पाहणारे घर भरता येत नाही. म्हणून ज्यांच्या घरी डाकोटातून प्रवास केलेले, त्याची इंजिने उघडलेले वा त्या थैल्या उचललेले कोणी वडीलधारे असतील, त्यांनी या सुटीत, फराळाचे ताट पुढे ठेवून, त्यांना बोलते करावे. मुलांच्या विमानाला तेवढेच इंधन कमी पडते आहे.