रापणीचा किनारा



गाबीत ज्ञातीचा इतिहास सांगू लागले, की शिवछत्रपतींचे आरमार आणि १६६४ साली मालवणच्या कुरटे बेटावर पायाभरणी झालेला सिंधुदुर्ग यांचे स्मरण प्रथम होते. ते योग्यच होय. परंतु ज्या रापणीने आपल्या चुली पिढ्यानुपिढ्या पेटत्या ठेवल्या, तिलाही इतिहास आहे. आणि तो जेथे लाट फुटते त्या वाळूच्या चिंचोळ्या पट्ट्यात घडला आहे.

हा पट्टा वरवर ओसाड दिसतो. तेथे खडक नाही, आसरा नाही. तथापि फुटणारी लाट वाळू ढवळते, तिच्यातील किडे व बारीक शिंपल्या उघड्या पडतात आणि मासळीला अन्न मिळते. मुडदुशी धोका जाणवताच वाळूत शिरते, वाळूच्याच रंगाचा लेपा तळाशी निपचित पडून राहतो, बोईंचे थवे कडेकडेने फिरतात. उथळ, गढूळ पाण्यात मोठ्या शिकारी मासळीचा उपद्रव कमी. म्हणून अनेक जातींची पिले येथेच वाढतात. बांगडा व तारली यांचे थवे बाहेरून किनाऱ्याला लागत, तेव्हा रापण भरून येई.

जाळ्याच्या एका टोकाचा दोर किनाऱ्यावर ठेवून होडी जाळे सोडीत अर्धवर्तुळ घेई; मग दोन्ही टोके माणसे ओढीत. जाळ्याचे तुकडे घरोघरचे, म्हणून वाटेही घरोघरचे. बाळपणी दोराला हात लावून मिळालेले चार पेडवे घेऊन आम्ही घरी धावत सुटत असू, तो आनंद आम्ही विसरलेलो नाही.

पुढे सुती जाळ्यांच्या जागी नायलॉन आले. १९७० नंतर पर्ससीन नौका आल्या आणि थवा किनाऱ्याला लागण्यापूर्वीच वेढला जाऊ लागला. गोव्यातील रापणकारांनी त्याविरुद्ध मोठे आंदोलन केले. सागरी मासेमारी नियमनाचे कायदे तेथे १९८० साली व महाराष्ट्रात १९८१ साली झाले. २०१६ मध्ये महाराष्ट्र शासनाने पर्ससीनवर निर्बंधही घातले.

परंतु सारा दोष परक्यांच्या माथी मारून आपणांस मोकळे होता येणार नाही. बारीक आसाचे जाळे उथळ पाण्यातून ओढले, की पिलेही वाळूवर येतात. वाटणीचा न्याय पूर्वजांनी शेजाऱ्यास दिला. तोच आता पुढच्या पिढीस द्यावयाचा आहे. आस मोठा ठेवावा, जिवंत पिले तत्काळ पाण्यात सोडावी, एवढीच आमची ज्ञातिबांधवांस नम्र विनंती.